सावरून चालणे

२०२५ साली १६ मार्चला तुकाराम बीज होती आणि आमचा पंधरावा रोजा. २०२४ साली २७ मार्चला बीज आली तेव्हा सोळावा होता. दोन्ही महिने चंद्रावर चालतात, त्यामुळे फाल्गुन आणि रमजान एकत्र आले की बीज रोज्यांच्या बरोबर मध्यावर येते. देहूत राहणाऱ्याला हा योग डोळ्यांआड करता येत नाही. सकाळपासून दारावरून दिंड्या जातात. दुपारी बाराच्या सुमारास वैकुंठस्थानी नांदुरकीच्या झाडाखाली उभे राहायला जागा नसते. आमच्या दारात आम्ही पाण्याचे पिंप ठेवतो आणि अम्मी स्वतः पेला भरून देते. परभणीकडच्या एका मावशी पाणी प्यायल्या आणि पेला परत करताना म्हणाल्या, "तुम्ही बी घ्या की घोटभर, ऊन लई हाय." अम्मी म्हणाली, "माझा उपास आहे, बाई." मावशींनी हात जोडले आणि पुढे गेल्या.

घरात अम्मी कधी उपास म्हणत नाही, रोजाच म्हणते. दारात मात्र तिच्या तोंडून 'उपास'च येतो, आणि आपण काही भाषांतर केले हे तिच्या गावीही नसते. समोरच्या बाईला पोटातली गोष्ट कळावी एवढाच तिचा हेतू. मी मराठीचा प्राध्यापक. वर्गात भाषांतरावर तास घेतो, तरी इतके सहज मला जमत नाही.

शब्द कसे आडवे येतात याची एक गोष्ट आमच्या गल्लीतलीच आहे. शेजारचे काका सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, माळकरी, पंढरीची वारी न चुकवणारे. आमचे चांगले चालते. एकदा संध्याकाळी बोलता बोलता त्यांनी विचारले, "सर, राग मानू नका. पण तुमच्या नमाजात रोज पाच वेळा अकबर बादशहाचे नाव का घेतात? तो इतका मोठा होता का?" मला हसू आले आणि वाईटही वाटले. साठ वर्षे हा भला माणूस अजान ऐकतो आहे आणि साठ वर्षे त्याला वाटते आहे की आम्ही एका मोगल बादशहाला आळवतो. मी सांगितले की 'अकबर' म्हणजे सगळ्यांत मोठा, अल्लाह सगळ्यांत मोठा आहे एवढाच त्याचा अर्थ. काका थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग हे तर आम्हीही म्हणतो." पण त्यांना हसण्याचा अधिकार मला नव्हता. लहानपणी मी दिंडीतला 'ज्ञानबा तुकाराम' हा गजर ऐकून ठाम समजूत करून घेतली होती की हे दोघे सख्खे भाऊ आहेत. दोघांमध्ये साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे हे पाचवीत कळले तेव्हा मी घरी येऊन रडलो होतो.

हे झाले शेजाऱ्यांचे. घरातली गोष्ट याहून अवघड आहे.

आमच्याकडे मूल चार-पाच वर्षांचे झाले की त्याला अरबी अक्षरे शिकवतात. आधी कायदा, मग तीस पारे. सात-आठ वर्षांचे पोर अख्खा कुरआन वाचून काढते, त्याचे कौतुक होते, मिठाई वाटतात. मात्र वाचलेल्यातला एक शब्दही त्याला कळलेला नसतो. मीही असाच वाचला. चौथीपर्यंत उर्दू शाळेत होतो, पुढे मराठीत गेलो, एम.ए. मराठीत केले. आणि शिकलेल्या माणसाला होतो तसा मलाही शिक्षणाचा थोडा ताप झाला. विशीत असताना एका रमजानात अम्मी सहेरीनंतर मोठ्याने तिलावत करत होती. मी म्हणालो, "अम्मी, समजत नसताना वाचून उपयोग काय? पोपटही बोलतो." तिने काही उत्तर दिले नाही. मात्र त्यानंतर माझ्यासमोर तिने मोठ्याने वाचणे बंद केले. ती ओठांत वाचू लागली. हे माझ्या लक्षात यायला मला कितीतरी वर्षे लागली, आणि या लेखात लिहितो आहे त्याहून ते अधिक टोचते.

माझे म्हणणे पूर्ण चूक होते असे आजही वाटत नाही. कुरआन वाचणाऱ्याने विचार करावा, मनाला कुलूप घालू नये, असे कुरआन स्वतःच सांगतो. प्रत्येक पैगंबर त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठवला, म्हणजे त्याला नीट समजावून सांगता यावे, असेही त्यात आले आहे. अरबी अरबांसाठी सोपी होती म्हणून ती आली. मक्केच्या बाजारातल्या माणसाला ती कळत होती, आणि कळत होती म्हणून तर त्याला ती झोंबत होती. तीच भाषा आमच्या खेड-मावळात येईपर्यंत अशी झाली की ऐकणाऱ्याला फक्त तिचा आदर वाटतो, झोंबत काहीच नाही. हा काही लहान तोटा नव्हे.

देहूच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. तुकोबांवर आक्षेप होता तो हाच. वेदांचा अर्थ शूद्राच्या तोंडून आणि तोही प्राकृत बोलीत बाहेर पडतो, हे वाघोलीच्या रामेश्वरभट्टांना खपले नाही. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवस तुकोबा शिळेवर अन्नपाण्यावाचून बसून राहिले आणि वह्या तरल्या अशी श्रद्धा आहे. वह्या लोकांच्या तोंडी होत्या, म्हणून त्या बुडूच शकल्या नाहीत, असे सांगणारेही आहेत. चाकणच्या संताजी जगनाड्यांसारखी अभंग लिहून ठेवणारी माणसे तुकोबांभोवती होती. मला दोन्ही सांगणी जवळची वाटतात, कारण आमच्याकडेही तसेच घडले आहे. पैगंबरांच्या निधनानंतर थोड्याच काळात यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असणारे अनेक जण मारले गेले. तेव्हा कुठे हजरत अबूबक्र यांच्या काळात तो एकत्र लिहून काढण्यात आला. तोवर तो मुख्यतः माणसांच्या छातीत होता. आज तरावीहमध्ये विशीतला हाफिज पोरगा समोर कागद नसताना पारेच्या पारे म्हणतो, तेव्हा मला इंद्रायणीकाठच्या त्या अनाम माणसांची आठवण येते.

रामेश्वरभट्टांची गोष्ट लोक अर्धीच सांगतात. ते पुढे तुकोबांचे शिष्य झाले आणि तुकोबांची आरती त्यांनी लिहिली. मराठीत लिहिली. तीच आरती देहूत आजही म्हणतात. भाषेच्या दारावर पहारा देणारा माणूस त्याच दारातून आत आला, अशी उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

आता गावातून देहूरोडकडे जाऊ. तिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. मूर्ती रंगूनहून आणलेली होती. बुद्धाच्या आयुष्यातली एक गोष्ट विनयपिटकात आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्खू त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, निरनिराळ्या जातीगोत्रांचे लोक संघात येतात, आपापल्या बोलीत तुमचे वचन बिघडवतात, ते आपण वेदांसारख्या छंदोबद्ध भाषेत बसवू. बुद्धाने त्यांना झिडकारले. लोकांना त्यांच्या भाषेत शिकू द्या, असे सांगितले. त्या लोकभाषेची आठवण म्हणजे पाली. आज विहारात त्रिशरण-पंचशील पालीत म्हटले जाते, आणि वंदना घेणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांतले पुष्कळ जण प्रांजळपणे सांगतात की सर, अर्थ पुस्तकात पाहावा लागतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याच दिवशी पालीला आणि प्राकृतालाही दिला. मला आनंद झाला. पण पेढा खाताना मनात आले की तिन्ही भाषा एके काळी 'ही कसली देवाधर्माची भाषा' म्हणून हिणवलेल्या होत्या. तुकोबांचीच मराठी आता एम.ए.च्या वर्गात टिपा देऊन शिकवावी लागते. मी देतो त्या टिपा, मला माहीत आहे.

उर्दूचेही तेच. दिल्लीचे शाह वलीउल्लाह अठराव्या शतकात होऊन गेले. लोकांना अरबी कळत नाही हे पाहून त्यांनी कुरआनचा फारसीत तर्जुमा केला. फारसी सुशिक्षितांची भाषा होती. त्यांच्या मुलांच्या काळात फारसीही मागे पडू लागली, तेव्हा शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर या दोघा भावांनी उर्दूत तर्जुमे केले. बापाने उघडलेले दार अपुरे पडते आहे हे मुलांनी ओळखले आणि दुसरे उघडले. मग आपण का थांबलो? आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांतली मुले मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत जातात. घरात दखनी बोलतात. उर्दू लिपी त्यांना वाचता येत नाही, आणि शुक्रवारच्या बयानातली लखनवी थाटाची उर्दू त्यांच्या डोक्यावरून जाते. एका मशिदीत मी पाहिले, मौलवीसाहेब 'इस्तिकामत'वर अतिशय सुंदर बोलत होते आणि माझ्या शेजारी बसलेला अकरावीतला पोरगा त्यांच्या घड्याळाकडे बघत होता. बाहेर आल्यावर त्याने मला विचारले, "इस्तिकामत मंजे क्या सर?" मी म्हणालो, "टिकून राहणं." तो म्हणाला, "मग तसं सांगायचं ना."

उर्दूवर माझे प्रेम आहे. तिच्यासाठी मी भांडलो आहे. तरीही लिहितो की आपल्या मशिदींत जुम्याच्या आधी दहा मिनिटे तरी मराठीत बोलले जावे. काही ठिकाणी तसे होऊ लागले आहे. बुजुर्गांना भीती वाटते की अशाने उर्दू जाईल. उर्दू मशिदीमुळे टिकलेली नाही. ती टिकलीच तर शाळेमुळे आणि घरात वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांमुळे टिकेल. दुसरी अडचण मात्र खरी आहे आणि तिला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. तळवडे-चाकणच्या कारखान्यांत काम करणारे बिहार, उत्तर प्रदेश, बंगालचे मजूर त्याच रांगेत बसलेले असतात. त्यांना मराठी कळत नाही. लातूरच्या पोराला उर्दू जड, दरभंग्याच्या पोराला मराठी जड. एकाची वाट दुसऱ्याचा कुंपणकाटा व्हायची. म्हणून दहा मिनिटे म्हटले, आणि बाकीचे बयान साध्या बोलीत करावे, 'इस्तिकामत'ला टिकून राहणे किंवा डटे रहना म्हणावे. यात धर्म कुठे उणा होतो ते मला दिसत नाही.

पण हे सगळे 'समजण्या'चे वकीलपत्र मी घेत असताना अम्मीची बाजू राहून जाते, आणि तिची बाजू मला फार उशिरा कळली.

दोन वर्षांपूर्वी मी तिला कुरआनचा एक मराठी अनुवाद आणून दिला. ती सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, वर्तमानपत्र रोज वाचते. चष्मा लावून तिने दहा-बारा पाने वाचली आणि पुस्तक मिटले. म्हणाली, "अच्छा है. लेकिन इसमें आवाज नै." मी विचारले, आवाज म्हणजे? तिला सांगता येईना. मग म्हणाली की तिच्या अब्बांच्या मैयतीला, तिच्या लग्नाला, माझ्या टायफॉइडच्या तापात, प्रत्येक वेळी जे ऐकले ते हे नव्हते.

मला तेव्हा एक हदीस आठवली, जी मी कितीदा तरी ऐकली होती. कुरआनचे एक अक्षर वाचणाऱ्याला एक नेकी, आणि एक नेकी दहापट. पैगंबरांनी पुढे उदाहरण दिले आहे ते 'अलिफ लाम मीम'चे. ही तीन मिळून एक अक्षर नव्हे, अलिफ वेगळे, लाम वेगळे, मीम वेगळे. कुरआनच्या ११४ सूरांपैकी २९ सूरांच्या आरंभी अशी सुटी अक्षरे आहेत. त्यांचा नेमका अर्थ मोठमोठ्या मुफस्सिरांनीही सांगितलेला नाही. अल्लाहला माहीत, असे म्हणून ते पुढे जातात. म्हणजे वाचण्याचे पुण्य सांगताना ज्याचा अर्थ कुणालाच लागत नाही तोच शब्द उदाहरणाला घेतला. मी ज्या आईला पोपट म्हणालो होतो, ती निदान त्या अक्षरांपुरती इमाम गझालींच्या बरोबरीने उभी होती. काकांना मी एकदा हरिपाठातल्या एका ओळीचा अर्थ विचारला होता. ते म्हणाले होते, "अर्थ महाराज लोक सांगतात. मला ती म्हटल्याशिवाय जेवण जात नाही."

आता यंदाच्या रमजानची गोष्ट. रोजे फर्ज झाल्याची आयत दुसऱ्या सूरेत आहे. रोजे कशासाठी, तर तुमच्यात 'तकवा' यावा यासाठी, असे त्यात म्हटले आहे. या 'तकवा'ला मराठीत काय म्हणायचे? अनुवादांत ईशभय, धर्मपरायणता असे शब्द सापडतात. उर्दूत परहेजगारी. 'ईशभय' वाचले की माझ्या डोळ्यांसमोर हातात छडी घेतलेला मास्तर येतो. अरबी धातूचा अर्थ राखणे, जपणे, बचाव करणे असा आहे. भीती त्यात आहे, पण काच हातात धरणाऱ्याला असते तशी.

तिसऱ्या-चौथ्या रोज्याला इफ्तारनंतर मी अम्मीला एक रिवायत सांगितली. हजरत उमर यांनी उबई बिन काब यांना विचारले, तकवा म्हणजे काय? ते म्हणाले, काट्याकुट्यांच्या वाटेने कधी गेला आहात का? उमर म्हणाले, गेलो आहे. मग काय केलेत? कपडे गोळा करून धरले आणि जपून चाललो. उबई म्हणाले, तोच तकवा.

अम्मी लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मंजे सावरके चलना."

मी हातातला चहा खाली ठेवला. सावरणे. पदर सावरणे, तोल सावरणे, पडत्याला सावरणे, घर सावरणे, स्वतःला सावरणे. काट्यांतून जाताना लुगड्याचा घोळ हातात धरणारी बाई करते ते. इतकी वर्षे मी त्या शब्दासाठी कोश चाळत होतो आणि तो दखनीत मुरलेला मराठी शब्द माझ्या स्वयंपाकघरात होता. जिला अरबी कळत नाही, तिच्या जिभेवर होता. आणि हेही खरे की अनुवाद वाचून तो तिला सापडला नसता. ती कथा तिला तिच्या बोलीत कुणीतरी सांगावी लागली. वीस वर्षांपूर्वी पोपट म्हणण्याऐवजी मी एवढेच करायला हवे होते.

तुकोबांना शब्दांचे मोल कुणी शिकवायला नको होते, तरी नुसत्या शब्दांच्या जेवणाने कुणाचे पोट भरत नाही हे त्यांनीच बजावले आहे. रोज्यात हे दुपारी तीननंतर चांगले कळते. कलमा शब्दांचा, नमाज शब्दांची, हजलाही तल्बिया आहे. रोजाच असा आहे की जो करताना काही म्हणायचे नसते आणि दुसऱ्याला तो दिसतही नाही. भुकेला तर्जुमा लागत नाही. तरीही त्या मावशींना पाणी नाकारताना अम्मीला एक शब्द शोधावा लागलाच.

तुकोबांच्या गाथ्यात दरवेस, मलंग, मुंढा अशा नावांच्या रचना आहेत, आमच्या दखनीला अगदी लागून असलेल्या बोलीत. एम.ए.ला त्या पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मला नानी बोलते आहे असे वाटले. अनगडशाह फकिराची कथा देहूत सगळ्यांना माहीत आहे. त्याचा कटोरा कुठेच भरत नसे. तुकोबांच्या घरी लेकीने चिमूटभर पीठ टाकले आणि तो भरला. रामेश्वरभट्टांच्या अंगाचा दाह झाला तोही याच फकिराच्या विहिरीवर आंघोळ केल्याने, असे सांगतात. म्हणजे भाषेच्या त्या भांडणात फकीर कुणाच्या बाजूने होता हे लोकांनी ठरवून टाकले आहे. पालखी निघेल तेव्हा देहूच्या शिवेजवळच्या अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी ती पहिल्यांदा थांबेल. तिथे अभंग होईल, आरती होईल. काका तिथे असतात. मीही असतो, जरा कडेला.

सध्या आमच्या घरी रात्री तरावीहनंतर अर्धा तास एक नवा क्रम सुरू आहे. अम्मी एक रुकू मोठ्याने वाचते. मी त्याची मराठी वाचतो. पटले तर ती पुढे जाते, नाही पटले तर बोट पानावर ठेवून थांबते. "ये नै. दुसरा देख." मग आम्ही दोघे शब्द शोधतो आणि सापडला तर मी तो पेन्सिलीने समासात लिहितो. दुसऱ्या पाऱ्यात 'ईशभय'वर रेघ मारली आहे. या गतीने ईदपर्यंत पाचवा पाराही होणार नाही. तिची नेहमीची तिलावत ती पहाटे वेगळी करते, आता पुन्हा मोठ्याने.